रिफ्लक्सचं ऑपरेशन झालं, तरी मुलीला लघवीचं इन्फेक्शन का होतं?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातली सहा वर्षांची मुलगी, वजन १८ किलो. दोन्ही बाजूंना रिफ्लक्स (मूत्राशयातली लघवी उलटी किडनीकडे चढणं) होता, डावीकडे चौथ्या ग्रेडचा, उजवीकडे तिसऱ्या. आठ महिन्यांपूर्वी दोन्ही युरेटर (किडनीतून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळ्या) नव्याने बसवण्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर तीन वेळा रिपोर्टमध्ये इन्फेक्शन निघालं. दोन वेळा फक्त जळजळ आणि वास, एकदा मात्र १०२ ताप. तिन्ही वेळा अँटिबायोटिक दिलं. आता घरात एकच चर्चा आहे, ऑपरेशन फसलं का?

बहुतेक वेळा फसलेलं नसतं. या ऑपरेशनने नेमकं काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे आधी बघा.

किडनीतून येणारी युरेटर मूत्राशयाच्या भिंतीत तिरकी शिरते आणि आतल्या अस्तराखालून थोडं अंतर जाऊन उघडते. मूत्राशय भरला की हा अस्तराखालचा तुकडा दाबला जातो. मऊ पाइपवर पाय ठेवल्यावर पाणी थांबतं, तसं. रिफ्लक्स असलेल्या मुलांत हा तुकडा आखूड असतो, म्हणून लघवी उलटी वर चढते. सर्जन तिथे नवीन बोगदा करतात. त्याचा जुना नियम असा की बोगद्याची लांबी युरेटरच्या जाडीच्या पाचपट हवी. युरेटर ४ मिलिमीटर जाड असेल तर बोगदा २ सेंटिमीटर. किडनीकडे जाणारी वाट अशी बंद होते.

पण जंतू त्या वाटेने मूत्राशयात येतच नाहीत. ते शीच्या जागेवरून, बहुतेक वेळा ई. कोलाय, मूत्रमार्गातून वर चढतात, आणि मुलींचा मूत्रमार्ग आखूडच असतो. मागची वाट बुजवली, पुढचं दार होतं तसंच राहिलं. म्हणून ऑपरेशननंतरही मूत्राशयाचं इन्फेक्शन होऊ शकतं. कमी होतं ते तापाचं, किडनीपर्यंत पोचणारं इन्फेक्शन. औषधं आणि ऑपरेशन यांची तुलना करणाऱ्या आंतरराष्ट्रीय रिफ्लक्स अभ्यासात युरोपातल्या मुलांत हेच दिसलं होतं. एकूण इन्फेक्शनं दोन्ही गटांत साधारण सारखीच, पण किडनीची इन्फेक्शनं औषधावरच्या गटात जवळपास दुप्पट.

म्हणून तुमच्या मुलीच्या तीन इन्फेक्शनांची एकत्र मोजणी करू नका. बिनतापाची दोन हा एक प्रश्न, तापाचं एक हा दुसरा. दोन्हींची तपासणी वेगळी.

आधी बिनतापाच्या दोन वेळा घेऊ, कारण तिथे पहिली शंका इन्फेक्शनवर नाही, नमुन्यावर घ्यावी लागते. रिपोर्टमध्ये ‘पस सेल्स १०-१२’ (पुवाच्या पेशी) दिसले, मेडिकलवाल्याने सिरप दिलं, असं सर्रास चालतं. ऑपरेशननंतर टाके आणि नळी यांच्यामुळे मूत्राशयाचं अस्तर सुजलेलं असतं आणि कित्येक आठवडे लघवीत पस सेल्स येत राहतात. जंतू एकही नसला तरी येतात. आठ महिन्यांनंतर हे कारण उरत नाही, पण बाहेरची त्वचा लाल झाली असली, जंताची खाज असली तरी पेशी दिसतातच. वासाचं तर विचारूच नका. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरला पारा चाळिशीच्या पुढे असतो, मूल पाणी कमी पितं, लघवी घट्ट पिवळी होते आणि वास येतो. नुसता वास म्हणजे इन्फेक्शन नव्हे.

निदान कल्चरवर, म्हणजे लघवीतला जंतू लॅबमध्ये उगवून बघण्याच्या तपासणीवर होतं, आणि कल्चर नमुन्याइतकंच खरं असतं. मुलीला आधी नुसत्या पाण्याने पुढून मागे धुवा. साबण नको, डेटॉल तर मुळीच नको, कारण जंतुनाशकाचा थेंब जरी नमुन्यात पडला तरी खरा जंतू उगवत नाही. स्वच्छ कपड्याने टिपा. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसवलं की पाय आपोआप फाकतात, ते उत्तम. कमोड असेल तर उलटं, टाकीकडे तोंड करून बसवा. पहिली धार जाऊ द्या, मग मधली १०-१५ मिली निर्जंतुक डबीत धरा. डबीच्या आत बोट लावू नका, झाकण फरशीवर ठेवू नका. डबीवर वेळ लिहा.

आता खरा घोळ. ई. कोलाय अनुकूल उष्णतेत साधारण दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. मिलिलिटरला दोन हजार जंतू म्हणजे त्वचेवरून आलेला किरकोळ मळ. तोच नमुना अक्कलकोटहून किंवा मोहोळहून एसटीने, मेच्या उन्हात, पिशवीत घालून दोन तासांत लॅबला आला, तर सहा वेळा दुप्पट होऊन आकडा सव्वा लाखाच्या वर जाऊ शकतो. रिपोर्टवर एक लाखाच्या पुढचा आकडा छापला जातो आणि मुलीला नसलेल्या इन्फेक्शनचं औषध सुरू होतं. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचवा. जमत नसेल तर लगेच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा (फ्रीझरमध्ये नाही) आणि नेताना बर्फाच्या पिशवीत न्या. थंड ठेवलेला नमुना २४ तासांपर्यंत चालतो. त्यापेक्षा सोपं म्हणजे लॅबमध्येच लघवी करायला लावा.

एकाच जातीचा जंतू, मिलिलिटरला एक लाख किंवा जास्त, आणि मुलीला त्रासही आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर इन्फेक्शन म्हणायचं. ‘दोन-तीन प्रकारची मिश्र वाढ’ असेल तर नमुना खराब, पुन्हा द्या. लंगोटातल्या बाळाला चिकटवलेल्या प्लास्टिक पिशवीतला नमुना कल्चरसाठी भरवशाचा नाही. तो निगेटिव्ह आला तरच उपयोगी, पॉझिटिव्ह आला तर नळी घालून पुन्हा घ्यावा लागतो आणि तिथे ५० हजार ही मर्यादा धरतात. लघवीत बुडवायची नायट्राइटची पट्टी चटकन कळवते, पण लघवी मूत्राशयात तीन-चार तास थांबलेली असेल तरच. तान्ह्या बाळाला घटकेघटकेला लघवी होते, त्यामुळे त्याच्यात पट्टी चुकते.

मूल खेळतंय, जेवतंय, तक्रार नाही, आणि ‘बघून घेऊ’ म्हणून दर महिन्याला कल्चर पाठवणं बंद करा. त्यात जंतू निघाला तरी त्रासाशिवायच्या जंतूला औषध द्यायचं नसतं. दिलं तर तो साधा जंतू जातो आणि त्याच्या जागी औषधांना न जुमानणारा येऊन बसतो. हा तोटा पुढच्या तापात भरावा लागतो.

समजा नमुना नीट घेतला आणि दोन्ही वेळा खरंच मूत्राशयाचं इन्फेक्शन होतं. मग कारण बहुतेक वेळा दोन गोष्टींत सापडतं. लघवी धरून ठेवणं आणि पोट साफ न होणं. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१० च्या मार्गदर्शिकेत दिलेला आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. रिफ्लक्सच्या ऑपरेशननंतर, मूत्राशय-आतड्याची ही गडबड असलेल्या मुलांत इन्फेक्शनचं प्रमाण सुमारे २२ टक्के, नसलेल्यांत ५ टक्के. सर्जन तोच, टाके तेच, फरक सवयीचा. माझ्या मते ऑपरेशनच्या आधीच हे दुरुस्त करायला हवं. आपल्याकडे ते क्वचितच होतं.

मुलगी धरून ठेवते का, हे विचारून कळत नाही, बघून कळतं. खेळता खेळता एकदम पाय आवळते, खाली बसून टाच लघवीच्या जागी दाबते, मग पळत सुटते, चड्डीला थोडा ओलावा लागतो. शाळेच्या दिवशी सकाळी घरून निघताना एकदा आणि परत आल्यावर एकदा, मधे काहीच नाही. शाळेतलं संडास घाण, नाहीतर पाणी नाही, बाईंना विचारायला लाज. मग ती डब्यातल्या बाटलीचं पाणीही पीत नाही. आठवड्यातून मोजकेच दिवस नळाला पाणी येणाऱ्या घरात मोठी माणसंही पाणी जपून वापरतात. पिण्याच्या पाण्यात ती काटकसर नको.

सुट्टीच्या दोन दिवशी लघवीची वही ठेवा. मोजमापाचा प्लास्टिकचा मग घ्या आणि प्रत्येक लघवी वेळेसकट मिलित लिहा. मूत्राशयाची क्षमता वयात १ मिळवून ३० ने गुणली की कळते, म्हणजे सहा वर्षांच्या मुलीला सुमारे २१० मिली. दिवसातून तीनच वेळा आणि प्रत्येक वेळी ३०० च्या वर भरत असेल, तर ती धरून ठेवते आहे. उलट दर अर्ध्या तासाला ३०-४० मिली होत असेल तर वेगळी गडबड आहे, तीही वहीतूनच कळते.

उपाय कंटाळवाणा, पण हाच लागू पडतो. लागो न लागो, दर दोन-अडीच तासांनी लघवीला बसवायचं, दिवसात सहा-सात वेळा. शाळेत वर्गशिक्षिकेला डॉक्टरांची चिठ्ठी द्या, मधल्या सुट्टीत आणि त्याआधी एकदा सोडावं म्हणून. चड्डी गुडघ्यापर्यंत नाही, पूर्ण खाली. गुडघ्यावर चड्डी असली की मांड्या जवळ राहतात, लघवी मागे योनीमार्गात साठते आणि उठल्यावर टिपूस टिपूस गळते. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. कुंथायचं नाही, घाई करायची नाही. पहिली लघवी झाली की उठायचं, हात धुवायचे, पाच मिनिटांनी पुन्हा बसायचं. दुसऱ्या वेळी निघते ती आत उरलेली. जंतू वाढतात ते त्याच लघवीत.

पोटाबद्दल आया म्हणतात, ‘रोज होते हो तिला.’ रोज होऊनही बद्धकोष्ठ असतं. शेळीच्या लेंड्यांसारखी, किंवा संडास तुंबेल एवढी जाड, किंवा चड्डीला पुसट डाग, यातलं काहीही असेल तर गुदाशय भरलेला आहे. तो पुढच्या मूत्राशयाला दाबतो आणि लघवी पूर्ण होऊ देत नाही. सोनोग्राफीत गुदाशयाची रुंदी ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त दिसली तर शंका पक्की होते. हे मोजायला सोनोग्राफी करणाऱ्यांना सांगावं लागतं, नाहीतर ते बघत नाहीत.

औषधात पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर चांगली. आधी साठलेली शी मोकळी करायला दिवसाला किलोमागे १ ते १.५ ग्रॅम, तीन ते सहा दिवस. मग रोज ०.४ ते ०.८ ग्रॅम. १८ किलोच्या मुलीला म्हणजे रोज ७ ते १४ ग्रॅम, भरपूर पाण्यात, डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे. सगळ्यात मोठी चूक म्हणजे आठवड्याने बंद करणं. ताणलेला गुदाशय मूळ मापावर यायला महिने लागतात. जेवणानंतर आतडी हलतात, म्हणून रात्रीच्या जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवा. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू, पपई हे घरात असतंच. शेंगाचटणीला उगाच दोष देऊ नका. दोष असतो सकाळच्या चहा-बिस्किटांचा, अर्ध्या लिटरच्या वरच्या दुधाचा आणि कमी पाण्याचा.

ऑपरेशननंतर काही आठवडे मूत्राशय आवळतो, त्यासाठी ऑक्सिब्युटिनिन दिलं जातं. ते पोट घट्ट करतं आणि घाम कमी करतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम न येणारं मूल लाल होतं, अंग तापतं आणि सगळे त्याला इन्फेक्शनचा ताप समजतात. हे औषध चालू असेल तर दुपारी सावलीत, पाणी पाजून, आणि गरज संपली की डॉक्टरांना विचारून बंद.

आता तापाची वेळ. रिफ्लक्सचं ऑपरेशन झालेल्या मुलाला १०१ च्या वर ताप आणि सर्दी-खोकल्यासारखं उघड कारण नाही, तर त्याच दिवशी लघवीचं कल्चर, आणि कल्चर घेतल्यावर लगेच औषध. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, तोवर थांबायचं नाही, कारण उपचाराला जेवढा उशीर तेवढी किडनीवर व्रण पडण्याची भीती जास्त. पण आधी औषध आणि मग कल्चर हेही नको. दोन डोस पोटात गेले की जंतू उगवत नाही आणि कुठलं औषध चाललं असतं ते कळत नाही.

तोंडाने घेता येत असेल तर सेफिक्झिम, दिवसाला किलोमागे ८ ते १० मिलिग्रॅम, दोन भागांत, ७ ते १० दिवस. बिनतापाच्या जळजळीला ३ ते ५ दिवस पुरतात. नायट्रोफ्युरँटॉइन तापात चालत नाही. ते लघवीत उतरतं, किडनीच्या मांसात पुरेसं पोचत नाही. उलट्या, ग्लानी, तीन महिन्यांखालचं बाळ, लघवी कमी होणं किंवा एकच किडनी चालू असणं, यातलं काही असेल तर भरती करून शिरेतून. जंतू सेफिक्झिमला दाद देत नसेल तर अमिकासिन किंवा कल्चर सांगेल ते, आणि तेही भरतीच. तापाला पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम. पण बाटली वाचा. ५ मिलिमध्ये १२० आणि ५ मिलिमध्ये २५० अशा दोन्ही बाटल्या मिळतात आणि चमचा तोच राहिला तर डोस दुप्पट होतो. पाणी कमी झालेल्या मुलाला आयब्युप्रोफेन नको, किडनीवर ताण येतो.

४८ तासांत ताप उतरायला लागला पाहिजे. नाही उतरला तर औषध बदलण्याआधी सोनोग्राफी. तिथे दोन गोष्टी शोधायच्या. पहिली, किडनीची सूज वाढली आहे का. नवीन बोगद्याचं तोंड आवळलं तर वरची लघवी अडते, आणि अडलेल्या लघवीत इन्फेक्शन म्हणजे तातडीचं काम, नुसत्या औषधाने ते बरं होत नाही, वाट मोकळी करावी लागते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत थोडी सूज बहुतेकांना असते आणि ओसरते. म्हणून चार-सहा आठवड्यांची सोनोग्राफी जपून ठेवा, तुलना तिच्याशीच करायची असते. दुसरी, लघवी झाल्यावर किती उरते. इथे एक नेहमीची चूक होते. ‘पाणी पिऊन या’ म्हणून मुलीला लिटरभर पाजतात, मूत्राशय फुगतो, ती घाबरून अर्धवट लघवी करते आणि उरलेली ८० मिली दिसते. नेहमीसारखी लागल्यावर, शांतपणे, दोनदा मोजून २० मिलिच्या वर उरली तरच ती खरी मानावी.

ऑपरेशननंतरच्या तापाच्या इन्फेक्शनला एमसीयू (नळीने मूत्राशयात औषध भरून लघवी करताना काढलेला एक्स-रे) करावं असं माझं मत आहे. उघड्या ऑपरेशनने रिफ्लक्स ९५ टक्क्यांहून जास्त युरेटरमध्ये थांबतो, म्हणून सरसकट सगळ्यांना एमसीयू लागत नाही. ताप आला तर मात्र बघावं. उघड्या ऑपरेशनऐवजी दुर्बिणीतून युरेटरच्या तोंडाशी डेक्स्ट्रानोमर या जेलचं इंजेक्शन दिलं असेल तर तीन महिन्यांनी एमसीयू ठरलेलंच, कारण तिथे यश कमी, विशेषतः मोठ्या ग्रेडला, आणि कधी दुसरं इंजेक्शन लागतं. एकाच बाजूचं ऑपरेशन झालेलं असेल तर दुसऱ्या, आधी चांगल्या असलेल्या बाजूला नवा रिफ्लक्स दिसू शकतो. तो पुष्कळदा आपोआप जातो, लगेच टेबलावर घ्यायची घाई नको. एमसीयू करताना लघवी जंतुमुक्त हवी. व्रण बघायचा डीएमएसए स्कॅन तापानंतर चार ते सहा महिन्यांनी, आधी केला तर सूज आणि व्रण यात फरक कळत नाही.

युरेटरच्या आत डीजे स्टेंट, म्हणजे बारीक नळी, ठेवला होता का, आणि तो काढला का? हा प्रश्न वेडगळ वाटतो, पण विचारा. स्टेंट बाहेरून दिसत नाही, डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत लिहिलेला असतो आणि साधारण चार-सहा आठवड्यांनी दुर्बिणीतून काढायचा असतो. तो आत असेपर्यंत बोगद्याचा झडपेचा गुण काम करत नाही, लघवी स्टेंटमधूनच वर जाते. विसरला तर त्याच्यावर खडे जमतात.

मुलगा असेल तर आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. पुढची कातडी घट्ट आहे का, आणि धार लांब जाते की टपटप पडते. धार कमजोर असेल तर मूत्रमार्गातल्या पडद्याची शंका घ्यायची. मुलगा-मुलगी दोघांच्याही पाठीवर, कमरेखाली केसांचा झुबका किंवा खळगा दिसला तर मणक्याचा एमआरआय. मज्जातंतूंमुळे बिघडलेला मूत्राशय असेल तर युरेटर कितीही सुंदर बसवली तरी इन्फेक्शन थांबत नाही.

इन्फेक्शन टाळण्यासाठी रोज रात्री द्यायचं छोट्या डोसचं अँटिबायोटिक किती दिवस? साधारणपणे ऑपरेशननंतर सोनोग्राफी आणि गरज असेल तिथे एमसीयू ठीक येईपर्यंत, बहुधा तीन महिने. को-ट्रायमोक्साझोल, ट्रायमेथोप्रिमच्या हिशेबाने किलोमागे २ मिलिग्रॅम, झोपण्याआधीच्या लघवीनंतर. ५ मिलिमध्ये ४० मिलिग्रॅम असलेलं सिरप १८ किलोला साडेचार मिली होतं. तुमच्या मुलीला इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होत असल्याने, पोट आणि लघवी ताळ्यावर येईपर्यंत काही महिने ते परत सुरू करणं योग्य ठरू शकतं. वर्षानुवर्षं नको. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या रिव्हर अभ्यासात रिफ्लक्सच्या ६०७ मुलांत या औषधाने पुन्हा होणारी इन्फेक्शनं निम्मी झाली, व्रणांत फरक पडला नाही. आणि औषध चालू असतानाही ज्यांना ई. कोलायचं इन्फेक्शन झालं, त्यांच्यातले ६३ टक्के जंतू त्याच औषधाला दाद देत नव्हते. नुसत्या साखरेच्या गोळीवरच्या गटात हे प्रमाण १९ टक्के होतं.

दुसरं मत घ्यायला हरकत नाही, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. ऑपरेशनचा तपशील, आधीचं एमसीयू, सगळ्या सोनोग्राफी, औषधांच्या यादीसकट तिन्ही कल्चर आणि लघवीची वही, एवढं फायलीत ठेवा आणि प्रत्येकाचा फोटो मोबाइलमध्ये. भावंडं लहान असतील तर त्यांच्याबद्दलही विचारा, रिफ्लक्स असलेल्या मुलांच्या भावंडांपैकी साधारण चौथा हिस्सा मुलांत तो सापडतो.

आणि वर्षातून एकदा उंची, वजन, लघवीतलं प्रोटीन आणि रक्तदाब, मुलगी वयात येईपर्यंत. किडनीवर व्रण असेल तर रक्तदाब उशिरा, गुपचूप वाढतो. मोजताना पट्टा लहान मुलांचा आहे ना ते बघा. मोठ्यांचा पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला की आकडा खोटा कमी येतो आणि सगळे निश्चिंत होतात.